आधी बायकांची सभा

उपकारस्तुतीच्या रविवारी पळसटोल्याच्या ख्रिस्ती मंडळीत लिलाव होतो. नव्या धानाची पेंढी, परसातला भोपळा, एखादा कोंबडा, ज्याच्या घरी जे पिकलं ते आधी वेदीपुढे ठेवायचं, पास्टरनं प्रार्थना करायची आणि मग अंगणात बोली लावायची. यंदा पुनमच्या नवऱ्यानं, देवदाननं नेलेला भोपळा त्याच्या थोरल्या भावानं, शांतवननं घेतला, तोही चढाओढ करून. पुनमला तेव्हाच कळायला हवं होतं. बांधाच्या भांडणापासून ज्या भासऱ्यानं धाकट्या भावाच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं, तो त्याच्याच घरचा भोपळा काखेत मारून हसत हसत त्याच्याच दारात कशाला येईल?

पण तो आला. मागून त्याची बायको करुणा आली, आणि तिच्या मागून पास्टर नोएल.

पुनमनं पानं वाढली. नव्या तांदळाचा भात, गावठी कोंबडीचा रस्सा, लाखोरीच्या डाळीचे वडे. पुरुष समोरच्या खोलीत बसले. सासू कलाबाई नेहमीसारखी दाराशी खाटेवर होती, डोळे मिटून. ऐकत होती की झोपली होती, हे कुणाला सांगता आलं नसतं.

जेवणं झाली तशी शांतवननं हात पुसले. "देवदान, तुह्या बायकोले बलाव. तिच्याच कामासाठी आलो आमी."

पुनम दारात येऊन उभी राहिली. पास्टर नोएल मूळचे नागपूरचे, पस्तिशीचे, बोलायला मऊ. आवाज चढवलेला कुणी कधी ऐकला नव्हता.

"पुनमताई, यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव आहे. धनराज भाऊ आपला गट उभा करताहेत, त्यांच्याशी माझं बोलणं झालं. उमेदवार आपल्या मंडळीनं द्यायचा, बाकीचं गाव ते सांभाळतील. निवडून आलो की कब्रस्थानाची जागा मंडळीच्या नावे होईल."

देवदाननं मान वर केली. कब्रस्थान म्हटलं की या घरात सगळ्यांच्याच माना वर व्हायच्या. नाल्याच्या अलीकडची सरकारी पडीत जागा, तिथे मंडळी आपली माणसं पुरत आली होती, पण कागदावर ती कुणाचीच नव्हती. सासरे रामाजी गेले तेव्हा गावातल्या काही जणांनी खड्डा खणू दिला नाही. पोलीस पाटील येऊन समजूत घालेपर्यंत प्रेत उन्हात ठेवावं लागलं होतं आणि देवदान त्यावर स्वतःचा सदरा धरून उभा राहिला होता.

"मंडळीनं तुमचं नाव सुचवलं आहे," पास्टर म्हणाले. "दारूबंदीच्या कामामुळं गावातल्या बायका तुम्हाला ओळखतात."

नाही म्हटलं तरी पुनमला बरं वाटलं. मोहाच्या दारूचे सडवे, मोहफुलं आंबत ठेवलेली मडकी, फोडायला ती गावातल्या बायकांना घेऊन जंगलात शिरली होती, तेव्हा मंडळीतून कुणी शाबासकी दिली नव्हती. आज ते काम कुणाला तरी आठवलं होतं.

"मले काय काय करा लागन?" तिनं विचारलं.

"काही नाही," पास्टर हसले. "नाव तुमचं. कारभार देवदान भाऊ बघतील. महत्त्वाचं काही असलं तर मंडळीचे वडीलजन बसून ठरवतील. तुम्ही सही करायची."

"आन ग्रामसभेत?"

"तिथंही देवदान भाऊ बोलतील."

"मंग तेच काऊन उभे नाई राहत?"

"बाईसाठी राखीव हाय ना!" शांतवन म्हणाला. सरळ विचारलेल्या प्रश्नाचं त्यानं सरळ उत्तर दिलं होतं. त्यात काही चमत्कारिक आहे असं त्याला वाटलंच नाही.

पास्टरना मात्र ते जाणवलं. ते पुढे सरकून बसले. "ताई, यात कमीपणा नाही. देवानं घराला एक क्रम लावून दिला आहे. ख्रिस्त पुरुषाचं मस्तक, पुरुष बाईचं. गाडीला चाकं दोन असतात, पण धुरकरी एकच ना? मंडळीत बाई उपदेश करत नाही, तिथं आपण हा क्रम पाळतो. गावात गेलो म्हणून तो मोडायचा का?"

पुनमनं देवदानकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

याच पास्टरनी त्याची दारू सोडवली होती. तो रस्त्यात पडलेला असताना खांद्यावर हात टाकून घरी आणला होता, रात्ररात्र उशाशी बसले होते. ते नसते तर आज ही पानं कुणासाठी वाढली असती? पुनम हे एक दिवसही विसरली नव्हती, आणि म्हणूनच तोंडाशी आलेले शब्द बाहेर पडत नव्हते.

तिचं माहेर ब्रह्मपुरीकडचं, शेतकरी कुणब्याचं. तिथे तिची काकू सरपंच होती, आणि पंचायतीत बसायचा काका. पाटीवर नाव काकूचं, खुर्चीवर काका. सरपंचपती काही या मंडळीनंच जन्माला घातले नव्हते. पण काकानं त्याला कधी देवाची आज्ञा म्हटलं नव्हतं. काकू चिडली की त्याच्याशी कडाकडा भांडायची, आणि काकाला ऐकून घ्यावं लागायचं. काकाशी भांडता येत होतं. इथे भांडायचं कुणाशी?

"माह्या मनाचं सांगू का, पुनम?" मागून करुणा म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती, डोक्यावरचा पदर नीट घेऊन. "आपल्याले कशाले पाह्यजे ती कटकट? नवरा पुढं असला का बाईच्या डोक्शाले ताप नाई. मी तर सारं यायच्यावर सोडून मोकळी झाली. लय सुखात हाय."

ती मनापासून बोलत होती. तिच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं. तरी 'मोकळी' हा शब्द पुनमच्या कानाला खुपला.

"पास्टर." खाटेवरून आवाज आला. कलाबाईनं डोळे उघडले होते. "मी उपदेश करत होती, मालूम हाय तुमाले?"

"ऐकलंय, आजी."

"ऐकलं असन. पायलं नाई तुमी." म्हातारी उठून बसली. तिचं माहेर तिकडे एटापल्लीच्या जंगलातलं, माडियांचं. पाळी आली की गावाबाहेरच्या कुर्म्यात बसायचं, चटईएवढी झोपडी, दार नाही, पावसात विंचू निघायचे. त्या झोपडीत तिच्या थोरल्या बहिणीला साप चावला आणि विटाळ म्हणून कुणी आत गेलं नाही. बहीण गेल्यावर ही मिशनच्या दवाखान्यात पळून आली. तिथल्या सिस्टरनं तिला अक्षरं शिकवली आणि हातात पुस्तक दिलं. पुढे रामाजीशी लग्न झाल्यावर ती सुवार्ताबाई म्हणून पायी गावोगाव फिरली. बाजाराच्या दिवशी आरमोरीला झाडाखाली उभी राहून वाचायची आणि पुरुष बसून ऐकायचे. "कबर रिकामी हाय हे पयले कोनी पायलं? बायकायनं. येशूनं त्यायलेच धाडलं, जा, सांगा म्हनून. हे मी चाळीस गावात सांगत फिरली. माहा नवरा माह्या मागं पानी घेऊन चाले."

"आजी, तेव्हा गरज होती," पास्टर आदरानं म्हणाले. "सेवक कमी होते. देवानं जो मिळाला त्याला वापरलं."

"म्हंजे आता देवाची गरज सरली?"

"तसं नाही..."

"मंग कसं?" कलाबाईचा आवाज वाढला नाही. "मी तुमच्या देवाकडं आली काऊन? त्यानं मले कुर्म्यातून काढलं म्हनून. कुर्म्यात चार दिवस बाहेर बसवत होते, बाबू. तुमी तर बाराही महिने बसवून राह्यले."

 शांतवनचा चेहरा लाल झाला. "माय, पास्टरले असं बोलते का कोनी?"

"तुले बारशाचं नाव मी देल्लं. मले बोलू दे."

  पास्टरांकडे शास्त्रातली वचनं होती, पत्रांमधली, अध्याय आणि ओवीसकट. पण या म्हातारीपुढे ती काढणं त्यांना बरं वाटलं नसावं. ते वळून पुनमला म्हणाले, "तुमचा निर्णय सांगा, ताई."

पुनम दारातून दोन पावलं आत आली.  "मी उभी राहीन. पन मंग खुर्चीवर मीच बसन आन बोलनबी मीच. कब्रस्थानासाठी जीव टाकन. मात्र वडीलजनानं ठरवाचं आन मी सही माराची, हे माह्याच्यानं होनार नाई."

"मग मंडळीचा पाठिंबा देता येणार नाही," पास्टर म्हणाले. शांतपणे, दुःखानंच म्हणाले. त्यांनी जाण्याआधी प्रार्थना केली, या घराला सुबुद्धी मिळावी म्हणून. सगळ्यांनी डोळे मिटले. कलाबाईनंही मिटले, पण आमेन म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको खळ्यावर पेंढ्या रचत होते. 

"पास्टर नसते तर मी मेलो असतो," देवदान म्हणाला.

"मले मालूम हाय."

"मंडळीनं टाकलं तर मी कुठी जाऊ? मी पुन्हा त्या वाटेले लागलो तर?"

पुनमनं हातातली पेंढी खाली ठेवली. "तुमी दारू सोडली, त्यायचे उपकार मी जलमभर मानन. पन उपकार मानाचे म्हनून तोंड शिवून घ्याचं का? अन मले सांगा, तुमची दारू माह्या गप्प बसन्यावर टिकली हाय का?"

 पेंढ्या रचून झाल्या, भाकरी खाऊन झाली. मग हात धुऊन त्यानं फटफटी बाहेर काढली आणि फडक्यानं सीट पुसायला लागला. "आरमोरीले गर्दी असन तहसीलात," तो म्हणाला. "लवकर निघू." कलाबाई कधीचीच पातळ बदलून दारात उभी होती. तिला मध्ये बसवून तिघं गेली आणि पुनमनं अर्ज भरला, कुठल्याही गटाच्या नावाशिवाय.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. पास्टरांनी उपदेशात कुणाचं नाव घेतलं नाही. पण ज्यांनी देवाचा क्रम मोडला आहे त्यांनी पश्चात्ताप होईपर्यंत मेजाजवळ येऊ नये, एवढं म्हणाले. बाकं सरकली, लोक ओळीनं पुढे गेले. पुनम बसून राहिली. लग्नाआधी याच मंडळीत बाप्तिस्मा घेताना तिला वाटलं होतं, इथे सोवळं-ओवळं नाही, कुणाला बाजूला बसवत नाहीत. आता ओळ तिच्या गुडघ्यांना घासून पुढे जात होती. देवदान तिच्याशेजारीच बसून राहिला, मुठी आवळून. करुणा पुढे गेली, भाकर घेऊन परतली, आणि जाताना जावेकडे पाहिलं नाही.

कलाबाई सगळ्यात शेवटी उठली. काठी टेकत गेली, हातावर भाकरीचा तुकडा घेतला आणि तसाच मुठीत धरून परत आली. बाकावर बसून तिनं तो मोडला. अर्धा पुनमच्या हातावर ठेवला.

पास्टरांनी पाहिलं. त्यांनी पुढचं गीत सुरू केलं.

धनराजनं मग आपल्या भावजयीला उभं केलं आणि शांतवन तिच्या प्रचारात फिरला. पुनमकडे जीप नव्हती, भोंगा नव्हता. गावातल्या बायका होत्या. ज्यांच्या घरातली दारू तिनं बंद पाडली होती त्या, आणि ज्यांच्या घरात ती अजून चालू होती त्याही. मोजणी झाली तेव्हा पुनम थोड्या मतांनी निवडून आली. ख्रिस्ती घरांतून तिला किती पडली ते कुणालाच कळलं नाही. करुणाला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "यायनं सांगतलं तिथी टाकलं." आणि कामाला लागायची.

पाटीवर नाव लागलं. पहिल्या दिवशी देवदान तिला पंचायतीपर्यंत सोडायला गेला, दारातून आत डोकावला, खुर्ची पाहिली आणि शेताकडे निघून गेला. हे पाहून दोन म्हातारे हसले. त्यानं मनावर घेतलं नाही.

जानेवारीत पास्टर नोएल कब्रस्थानाच्या जागेचा अर्ज घेऊन पंचायतीत आले. बरोबर शांतवन होता. पुनमनं दोघांना बसायला सांगितलं, चहा मागवला.

"जागा पाह्यजेच," ती म्हणाली. "माहा सासरा तिथी हाय. पन ठराव गावानं कराचा असते. ग्रामसभेच्या आधी बायकायची सभा होते. तिथी पास झालं का पुढं कोनी अडवनार नाई."

"तुम्ही विषय मांडाल ना?" पास्टरांनी विचारलं.

"मी खुर्चीवर हाय. माह्याच घरची बाजू मी कशी मांडू? लोक म्हनतीन, सरपंचबाईनं आपल्या जातभाईले जागा देल्ली. मंडळीच्या बायकायले आना. त्यायनं बोललं पाह्यजे."

पास्टरांनी शांतवनकडे पाहिलं. "शांतवन भाऊ चांगलं बोलतील."

"बायकायच्या सभेत?"

पास्टरांनी कप खाली ठेवला.  त्यांना राग आला असावा, पण तो पुनमवरच होता असं काही तिला वाटलं नाही. "सांगतो बायकांना," ते म्हणाले.

सभा शाळेच्या खोलीत भरली. मंडळीच्या बायका आल्या, एका कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसल्या. पुरुष बाहेर ओट्यावर. पुनमनं विषय वाचून दाखवला.

"ते जागा आमच्या ढोरायची हाय," इंदुताई उठली. खमकी बाई, पुनमच्याच बरोबरीनं जंगलात सडवे फोडायला आलेली. "पावसात सारं पानी तिथूनच नाल्यात जाते. तिथंच आमी धुनं धुतो. मले वैर नाई कोनाशी, पन आमी काऊन सोडाची?"

खोलीत होकाराची कुजबुज झाली. पुनमनं कोपऱ्याकडे पाहिलं. "कोनाले काई सांगाचं हाय का?"

सगळ्या खाली बघत होत्या. या बायका वाईट नव्हत्या आणि भित्र्याही नव्हत्या. धानाच्या बांधीत कमरेइतक्या चिखलात गाणी म्हणणाऱ्या होत्या. पण चार माणसांत उभं राहून बोलायचं म्हणजे काहीतरी पाप घडतंय, असं त्यांच्या अंगात भिनलं होतं. पुनमला वाटलं, आता आपणच उठावं. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले.

तेवढ्यात करुणा उभी राहिली. डोक्यावरचा पदर सरकला, तो तिनं सावरला नाही.

"माही पयली पोरगी तिथी हाय," ती म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं, कुणाला नाही. "मोठ्यानं सांग वं," मागून कुणीतरी म्हणालं.

"माही पयली पोरगी तिथी हाय." आता सगळ्यांना ऐकू गेलं. बाहेर ओट्यावरही. "चार मयन्याची होती. ताप आल्ता. माह्या नवऱ्यानं पाहाटे नेली. बाया तिकडं जात नाईत म्हनून मले नेलं नाई. मंग पावसात सारं सपाट झालं. मले आजपावतर कोनी जागा दाखवली नाई, आन मीबी कधी इचारलं नाई. इचाराचं नसते म्हने." ती इंदुताईकडे वळली. "मले ढोरायची जागा नोको, इंदुताई. तुमी वरतं चारा. मले फक्त तेवढी पाह्यजे, का एक दगड ठेवता येईन. कोनी म्हनाले नाई पाह्यजे, का उठ, हे तुही नाई."

ती बसली. शेजारणीनं तिचा हात धरला.

पुनमला हे माहीत नव्हतं. वेगळं होण्याआधी इतकी वर्षं एकाच घरात पोळ्या लाटल्या, एकीच्या तव्यावर दुसरीनं भाकरी टाकली, आणि हे तिला माहीत नव्हतं.

इंदुताई उभीच होती. तिनं पदरानं नाक पुसलं. "नाल्याकडची बाजू सोडा," ती खरखरीत आवाजात म्हणाली. "वरची, मोहाकडची घ्या. तिथी पानी लागत नाई, तुमच्या मानसायलेबी बरं. मधात कुंपन घाला. लिहा सरपंचबाई."

"पन माही पोरगी खालतं असन तर?" करुणा म्हणाली.

"तर तेवढी सोडून कुंपन घालू. हाय काय त्याच्यात!"

हात वर झाले. सगळे नव्हे, पण पुरेसे. ग्रामसेवकानं ठराव लिहून घेतला.

करुणा दारात आली तेव्हा शांतवन ओट्याच्या कडेला उभा होता. पास्टर त्याच्या मागे, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. ते पुढे झाले, काहीतरी बोलणार होते, बहुधा आशीर्वादाचं. करुणानं त्यांना हात जोडले आणि नवऱ्याकडे वळली.

"चाला. दाखवा मले."

शांतवनचे ओठ हलले. "करुणा," तो म्हणाला, "मलेबी आता नक्की आठवत नाई."

 पुनमला वाटलं, आता ही कोसळेल. पण करुणानं चपला घातल्या.

"चाला तरी," ती म्हणाली. "पाहू."

दोघं नाल्याच्या वाटेला लागली. शांतवन एका जागी थांबला, हातानं काहीतरी दाखवलं, मग मान हलवली, आणि ती पुढे गेली. पास्टर नोएल थोडा वेळ ओट्यावरच उभे होते. मग तेही खाली उतरले आणि बऱ्याच मागून, अंतर ठेवून, त्या दोघांच्या पाठोपाठ चालू लागले.

"सरपंचबाई!" आतून इंदुताईनं हाक मारली. "बोरिंगचं राह्यलं ना! का संपवली सभा?"

"आली," पुनम म्हणाली आणि आत गेली.